मत नसलेले व्याही

हवामान बदलाविषयी स्वतःचं मत नसलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच होता, आणि तो नेमका आमचा व्याही निघाला. आमच्या गावात मत नसणं ही साधी गोष्ट नव्हे. इथला माणूस टपरीवर अर्धा चहा संपेपर्यंत उसाचा दर, फुटबॉलचा सामना आणि शेजाऱ्याच्या पोराचं लग्न या तिन्ही विषयांवर शेवटचा शब्द बोलून मोकळा होतो, आणि तोही इतक्या मोठ्यानं की रस्त्यापलीकडच्या माणसाला पुन्हा विचारावं लागू नये. अशा गावात हे गृहस्थ साठी उलटली तरी या एका बाबतीत कोरे राहिले होते. बाकी गावाची मतं मात्र त्यांना तोंडपाठ. कोण उन्हाला खरंच घाबरतं, कोण नुसतंच कुरकुरतं, कोण सगळा दोष शेजारच्या पेठेवर ढकलतं, सगळं त्यांना ठाऊक. भेटलेल्या प्रत्येकाला ते एकच प्रश्न विचारत, आणि विचारण्याची तऱ्हाही ठरलेली. आधी हातातलं काम थांबवायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि मग म्हणायचं, "पावणं, एक सांगा की. ही हवा बिघडली ती कशानं? आन् बिघडली ती कितपत?"

त्यांना माणसं भेटायचीही भरपूर, कारण नदीकडच्या जुन्या पेठेत, उताराच्या अगदी तळाशी त्यांचा चटणीचा डंक होता. ज्यांनी डंक पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: लोखंडी उखळांची एक रांग, तीत विजेच्या मोटारीवर वर-खाली आपटणारी मुसळं, आणि त्या आपटण्याखाली मिरचीचा होणारा लालभडक भुगा. कोल्हापुरात वर्षाची चटणी हे घरातलं मोठं कार्य असतं. शिमगा झाला की गच्च्यांवर मिरच्या वाळू लागतात, आणि मृग निघायच्या आत चटणी बरणीत गेली नाही तर त्या घरच्या बाईला पावसाळाभर स्वस्थ झोप लागत नाही. मिरची, धणे, खोबरं, लसूण असा सारा सरंजाम घेऊन बायका डंकावर येतात आणि आपापल्या उखळाशेजारी ठाण मांडून बसतात. नजर जरा हलली की आपली उंची मिरची शेजारणीच्या डब्यात जाते, असा त्यांचा पक्का विश्वास आहे. त्यामुळे उठून जाता येत नाही, आणि शिंकांमधून गप्प बसवतही नाही. मत विचारायला याहून चांगली जागा कुठली मिळणार?

माझं नाक मुळातच नाजूक, आणि कान त्याहून. मी जन्मभर एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून लोकांना "हळू बोला" एवढंच सांगत आलेला माणूस. आमची लेक डंकवाल्याच्या घरात जायचं म्हणते हे ऐकलं, तेव्हा मी तिला पोराविषयी काहीही विचारलं नाही. घरापासून डंक किती लांब आहे, एवढंच विचारलं. तिनं सांगितलं की घर आणि डंक यांच्यामध्ये एक भिंत आहे. मग ती मंडळी आमच्याकडे बघायला आली. पोहे झाले, पाहुणचार झाला, आणि मुलाच्या वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवला. आता "सैपाक येतोय का?" विचारणार म्हणून आमची ही पदर सावरून पुढे झाली. त्यांनी विचारलं, "पोरी, ही हवा बिघडली ती कशानं असावी?" आमची लेक म्हणाली, "कशानं ते ठाऊक नाही, पण आईनं कुरडया घातल्या की आभाळ येतं, एवढं नक्की." व्याही खूश झाले. "अनुभवाचं बोलली," असं बायकोला म्हणाले आणि तिथेच सुपारी फोडायची भाषा सुरू झाली.

मला मात्र स्वस्थ बसवेना. एवढ्या महत्त्वाच्या विषयावर कुरडयांच्या पलीकडे काही बोललं जाऊ नये हे ग्रंथपालाला कसं खपावं? मी कपाटातून दोन जाड पुस्तकं काढली आणि कोळसा, धूर, बर्फ, समुद्र अशा क्रमानं माणसानं पृथ्वीची काय अवस्था करून ठेवली आहे ते त्यांना नीट समजावून सांगितलं. ते अतिशय एकाग्रतेनं ऐकत होते. मध्येच "अगागा!" म्हणत होते. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "लई अभ्यास हाय तुमचा. बरं, म्हंजे तुमचं एक मत माणसाच्या करणीला. आता चहा सांगा." कुरडयांचं एक आणि माझं एक. त्यांच्या दरबारात पुस्तकाला जादा वजन नव्हतं.

मतं नुसती ऐकून त्यांचं समाधान होत नसे. डंकाच्या एका कोपऱ्यात त्यांनी वेताच्या तीन बुट्ट्या मांडल्या होत्या. एक माणसाच्या करणीची, एक निसर्गाच्या चक्राची आणि एक देवाच्या मर्जीची. ज्याला जे कारण पटेल त्यानं त्या बुट्टीत एक वाळकी मिरची टाकायची. पण मिरची कुठली, यावर पुढचं ठरायचं. हवा बिघडली आहे पण एवढं काही नाही असं वाटणाऱ्यानं ब्याडगी टाकायची, कारण तिला रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. झोंबायला लागलं आहे असं वाटणाऱ्यानं संकेश्वरी. आणि आता काही खरं नाही असं वाटणाऱ्यानं लवंगी. मी म्हणालो, "अहो, नुसतं विचारून घ्यावं, हा मिरचीचा खटाटोप कशाला?" तर म्हणाले, "पावणं, त्वांडानं माणूस समोरच्याचं त्वांड बगून बोलतंय. मिरची उचलताना हात खोटं बोलत न्हाय. त्यात ती सोत्ताची मिरची असती." यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. चांगल्या लवंगीला हात लावताना भल्याभल्या बायका थबकत आणि "तेवढं काय वाईट न्हाय हो," म्हणत ब्याडगीवर भागवत. काटकसरीनं लोकमत किती सौम्य होतं, हे मला तिथे प्रथम कळलं.

त्या बुट्ट्यांमागची मतं ऐकावीत तर हसून मुरकुंडी वळे. शेतकरी म्हणे, साखर कारखान्याच्या धुराड्यानं हवा बिघडली. कारखान्यातला माणूस म्हणे, शेतकरी उसाचं पाचट पेटवतात त्यानं. दोघांचं एकमत एवढ्याच गोष्टीवर, की शहरातल्या गाड्या फार झाल्या. शहरातला गाडीवाला म्हणे, मिरवणुकीतल्या डॉल्बीनं आभाळाला तडे गेले, दुसरं काय. तालमीतला एक पैलवान एसीवर घसरला. लोक घाम गाळायचे सोडून गार हवेत बसतात, मग ती गरमी जाणार कुठं, बाहेरच की, असं त्याचं म्हणणं. ते मला वाटलं तितकं वेडगळ नव्हतं. इचलकरंजीहून बायकोला डंकावर घेऊन आलेला एक यंत्रमागवाला म्हणाला, "आमच्या शेडात बारा म्हैनं असंच तापतंय. हवा बिघडली हे आमास्नी सुट्टीदिवशी कळतंय." एका म्हाताऱ्या बाईनं सगळं खापर सुनेवर फोडलं. सुनेनं पुढच्याच वर्षी येऊन देवाच्या मर्जीत लवंगी टाकली आणि सासूबाई गेल्याचं सांगितलं. व्याही प्रत्येकाचं म्हणणं सारख्याच गांभीर्यानं ऐकत. कुणाला हसणं नाही, कुणाला खोडणं नाही. चैत्रात जोतिबाला गेलो तर रांगेत गुलालानं माखलेल्या माणसांनाही त्यांनी सोडलं नाही. पाय भाजताहेत म्हणून नाचणाऱ्या एकाला त्यांनी थांबवून विचारलं, तेव्हा तो ओरडला, "मामा, आधी सावलीत चला, मग कशानं ते सांगतो!" हे मत त्यांनी लवंगीत धरलं.

एका वर्षी मात्र सगळा कारभार विहीणबाईंनी बुडवला. विहीणबाई म्हणजे कामाचा उरक असलेली, बोलायला कमी आणि करायला जास्त अशी बाई. लोकमत वगैरे प्रकार त्यांना जागा अडवणारा वाटे. हंगाम संपत आला होता, आमच्याकडे पाठवायच्या चटणीला मिरची कमी पडली, आणि कोपऱ्यात तीन बुट्ट्या भरलेल्या दिसल्या. त्यांनी तिन्ही बुट्ट्या उखळात रिकाम्या केल्या. व्याही बाजारातून परतले तोवर माणसाची करणी, निसर्गाचं चक्र आणि देवाची मर्जी यांचा एकजीव भुगा झाला होता. व्याह्यांचं आजोळ निपाणीकडचं, त्यामुळे राग फार चढला की ते कानडीत जातात. त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत कानडीतच होते. विहीणबाईंनी शांतपणे बरणीला फडकं बांधलं आणि बरणी आमच्याकडे धाडली. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून, नाकातून आणि मला वाटतं कानांतूनही पाणी आलं. आमची ही तांब्या घेऊन धावली. दुसऱ्या दिवशी व्याही घाईघाईनं घरी आले, मला म्हणाले, "कितपत हाय?" मला बोलता येत नव्हतं, मी नुसता हात वर केला. ते समाधानानं म्हणाले, "म्हंजे लोकांस्नी गंभीर वाटतंय. कारण काय कळंना झालं, पर गंभीर वाटतंय." वर्षभर मी करवीरनगरीचं एकत्रित मत भाकरीबरोबर चिमटी-चिमटीनं खात होतो.

"आणि तुमचं मत काय?" असं कुणी विचारलं की ते चष्मा डोळ्यांवर घेत. "मी मोजणारा. पंचानं कुस्ती खेळायची नसती," एवढं म्हणून मोटार चालू करत, म्हणजे पुढचा प्रश्न कुणाला ऐकू येत नसे. मला हे बरं वाटत नसे. इतक्या लोकांचं ऐकणाऱ्या माणसाला स्वतःचं काहीच वाटू नये? मी एकदा चिडून म्हणालोसुद्धा, "व्याही, हा नुसता पळपुटेपणा आहे." त्यांनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला, कारण मी शिंकत होतो.

मग दोन हजार एकोणीस साली पंचगंगा पेठेत शिरली. आमचं घर राजारामपुरीत, चढावर, त्यामुळे व्याह्यांचं सगळं कुटुंब आमच्याकडे आलं. पाणी वाढत असताना त्यांनी आणि जावईबापूंनी डंकाची मोटार सोडवून माळ्यावर चढवली होती. पाणी माळ्यावर गेलं. व्याह्यांना होडीतून बाहेर काढलं तेव्हा ते कमरेपर्यंत भिजलेले, डोक्यावर देवांचा डबा, आणि होडीवाल्याला विचारताहेत, "काय वाटतंय तुमास्नी, हे कशानं आलं?" तो बिचारा वल्हं मारता मारता म्हणाला, "आज्जा, आदी पाय आत घ्या." हा किस्सा जावयांनी सांगितला आणि आमच्या घरात इतक्या दिवसांनी पहिल्यांदा सगळे हसले. पाणी उतरल्यावर आम्ही सगळे खराटे घेऊन गेलो. उखळांत चिखल होता. वर्षाच्या चटण्यांचा वास त्या चिखलाला लागला होता आणि मी त्या चिखलाला शिंकत होतो. व्याह्यांनी एकेक उखळ हातानं पुसलं. शेजारीपाजारी म्हणत होते, शंभर वर्षांत असं पाणी आलं नव्हतं, आता पुन्हा बघायला आपण नसणार. व्याही प्रत्येकाला ते दोनदोनदा म्हणायला लावत होते.

दोनच वर्षांनी पाणी पुन्हा आलं.

या वेळी जावईबापूंनी निक्षून सांगितलं की आता इथं राहायचं नाही. ते मूळचे गरीब स्वभावाचे, वडिलांसमोर मान वर न करणारे, पण त्यांचं लेकरू तेव्हा रांगत होतं, आणि भिंतींची ओल वर्षभर हटत नव्हती. त्यांनी चढावरच्या बाजूला डंकासाठी एक गाळा बघितला. तो घ्यायचा तर नदीकाठचं घर विकायला हवं, दुसरी वाट नव्हती. घर व्याह्यांच्या नावावर. व्याही म्हणाले, "बगू. लोकांचं मत अजून पुरं आल्यालं न्हाय." एक उन्हाळा गेला, दुसरा गेला, गाळा दुसऱ्या कुणीतरी घेतला, मग जावयांनी दुसरा गाळा बघितला, आणि व्याह्यांचं मोजणं संपेना. आमची लेक माझ्याकडे येऊन रडली. "बाबा, तुम्ही तरी सांगा त्यांना. तुम्हाला एवढं माहीत आहे."

मी पुन्हा ती जाड पुस्तकं काखेत मारली आणि भर दुपारी डंकावर गेलो. हंगाम नव्हता, मुसळं थांबलेली. व्याही एकटेच बसले होते आणि बुट्ट्यांची जागा झाडत होते. मी पुस्तक उघडणार तोच त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "पावणं, पुस्तक मिटा. मला कळतंय सगळं. हे बगा, चक्र असलं तर काय? चक्र फिरतंय. वाईट वरीस आलं तसं जातंय. मग पाणी परत यील ते माझ्या मागं, नातवाच्या पोरांच्या वक्ताला. म्हंजे मी हितं ऱ्हायला मोकळा. आन् माणसाची करणी असली तर? माणूस काय करायचा थांबतोय व्हय? मग पाणी दर दोन-चार वर्सानं यील. म्हंजे मला जायाला पायजे." केरसुणी बाजूला ठेवून ते म्हणाले, "येवडी वर्सं मी हवेचं इचारत न्हवतो, पावणं. मी घर सोडू का नको ते इचारत हुतो. चक्राची बुट्टी भरंल म्हणून बसलोय." तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या कोपऱ्यात चक्राची बुट्टी कायम दाराच्या बाजूला, येणाऱ्याच्या हाताला सहज लागेल अशी असे, आणि माणसाच्या करणीची मागे, मोटारीच्या आडोशाला. असला पक्षपाती पंच मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मला हसूही आलं आणि या माणसाची इतकी माया वाटली की मी पुस्तकं तिथेच पोत्यावर ठेवून त्यांच्याजवळ बसलो. "भरली का मग?" मी विचारलं. ते म्हणाले, "भरती. पर मला रात्री पाण्याचा आवाज येतो."

शेवटी त्यांनी मुलाच्या शब्दाला मान देऊन घर विकायला होकार दिला. जावयांनी घर रंगवून घेतलं. भिंतीवर पुराची जी रेघ राहिली होती तिच्यावर गुलाबी रंगाचे तीन हात बसले. गिऱ्हाईक आलं ते मलकापूरकडचं, तिशीतलं जोडपं. त्यांना तिथे खानावळ काढायची होती. नवरा बोलका, बायको लाजरी, खांद्यावर झोपलेली छोटी पोर. आम्ही सगळे हजर होतो. घर त्यांना आवडलं. त्यानं उखळांची जागा बघून इथं चूल, इथं बाकडी असं हातानं दाखवायलाही सुरुवात केली. मग त्यानं विचारलं, "पुराचं काय हाय हितं?" जावईबापू घाईनं म्हणाले, "आलतं. पण ते अचानक आलतं." माझी लेक जमिनीकडे बघत राहिली. आणि आमच्या व्याह्यांनी सवयीनं चष्मा कपाळावर सरकवला.

"पावणं, एक सांगा की. ही हवा बिघडली ती कशानं?"

जावयांनी डोळे मिटून घेतले. तो पाहुणा मोठ्या अदबीनं म्हणाला, "कशानं म्हंजे, चक्र असतंय की निसर्गाचं, मामा. येतंय, जातंय. त्येचं काय एवढं?"

व्याह्यांना जन्मभर जे उत्तर हवं होतं ते त्यांच्याच घरात उभं राहून, घर घ्यायला आलेल्या माणसानं दिलं होतं. एक होकार, आणि सगळं सुटलं असतं. ते त्या झोपलेल्या पोरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाय." आवाज मोठा नव्हता, तरी मी इतकी वर्षं ग्रंथालयात होतो, मला हळू बोललेलं ऐकू येतं. "चक्र न्हाय. माणसानं केल्यालं हाय. तुमी, मी, आमच्या डंकाची मोटार, सगळ्यांनी. आन् ते परत येणार. लवकर येणार." मग ते त्या गुलाबी भिंतीजवळ गेले, टाचा उंचावल्या आणि हात जाईल तितका वर नेऊन त्यांनी तळवा भिंतीवर टेकवला. "हितंपतूर आलतं. ह्याच्याबी वर, माझा हात पोचत न्हाय तितं. पोरगी हाय तुमची. घेऊ नगा हे घर."

जोडपं गेलं. जाताना त्या बाईनं व्याह्यांच्या पायांना हात लावला. जावईबापू पुढे आठवडाभर वडिलांशी बोलले नाहीत, आणि त्यांचंही बरोबर होतं; नवा गाळा दुसऱ्यांदा हातचा गेला होता. गावातही चर्चा झाली. कुणी म्हणालं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, कुणी म्हणालं घर सोडायचंच नव्हतं, म्हणून नाटक केलं. मला मात्र त्या माणसाचा अभिमान वाटला, आणि मी तो बोलूनही दाखवला. ते म्हणाले, "मत काय, पयल्यापास्नं हुतं. पर ते कुणाला दिलं की मलाच लागू हुतंय." त्यानंतर त्यांनीच मुलाला सांगितलं की घर विकलं जावो न जावो, पाऊस लागायच्या आत आपण वर राहायला जायचं. आमच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. प्रश्न राहिला डंकाचा.

आमच्या घरामागे एक पत्र्याची शेड आहे. तिच्यात मी निवृत्तीनंतर माझी पुस्तकं लावून, दार ओढून, उरलेलं आयुष्य शांततेत काढणार होतो. ही माझ्याकडे बघत होती, लेक माझ्याकडे बघत होती. मी काही महात्मा नाही. मी एक पूर्ण दिवस घेतला. मग व्याह्यांना बोलावून म्हणालो, "मोटार कुठल्या भिंतीला बसवायची ते बघून घ्या." त्यांनी शेडच्या पत्र्यावर बोटं वाजवून बघितली. म्हणाले, "पावणं, तुमच्या नाकाचं काय?" मी म्हणालो, "नाकाचं माझ्याकडे लागलं."

तेव्हापासून आमच्या घरात शांतता नाही. शिमग्यापासून मृगापर्यंत पत्रे धडधडतात, गल्ली शिंकते, आमच्या मागच्या अंगणात बायका आपापल्या उखळांवर नजर रोखून बसतात आणि मी नाकाला ओला रुमाल बांधून वर्तमानपत्र वाचतो. बुट्ट्या आता नाहीत. विहीणबाईंनी त्यांत कांदे ठेवले आहेत. कुणी आपणहून हवेचा विषय काढला तर व्याही ऐकून घेतात आणि मग आपलं मत सांगतात, आणि ते इतक्या मोठ्यानं आणि इतक्या वेळा सांगतात की मला मागची खिडकी लावून घ्यावी लागते. वर भेटेल त्याला, झाडांना पाणी घाल, गच्चीवरचा पत्रा पांढरा रंगव म्हणजे ऊन परतेल, लग्नात डिझेलचा जनरेटर लावू नको, असे सल्ले देत हिंडतात. लोक त्यांना टाळायला लागले आहेत. खरं तर पूर्वी मत नव्हतं तेव्हाच ते जास्त लाडके होते, असं माझी लेक म्हणते.

जुलैत मात्र ते गप्प होतात. पाऊस सलग लागला की सकाळी छत्री घेऊन उतारानं खाली जातात. घर अजून त्यांचंच आहे, रिकामं. यंदाही नदी पात्राबाहेर आली तेव्हा गेले होते. दुपारी परत आले, गुडघ्यापर्यंत चिखल, आमच्या पडवीत टेकले. मी विचारलं, "कुठवर आलंय?"

"उंबऱ्याला लागलंय."

"मग दार नीट लावून आलात ना?"

त्यांनी खिशातून एक मोठं लोखंडी कुलूप काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. त्यातून पाणी ठिबकत होतं. "उगडं ठिवून आलो," ते म्हणाले. "दार लावलं की मोडून आत येतंय, पावणं. उगडं असलं की येतंय, आन् जातंय."

हिनं चहा आणून ठेवला. तो त्यांनी घेतला नाही. तिनं पुन्हा गरम करून आणला, तेव्हा घेतला. पाणी उतरेपर्यंत ते कुलूप आमच्या खिडकीतच होतं.